१९९६ ची ई २५० डिझेल: सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन टाकू का आहे तेच सुधारू?

पंचगंगा_डिझेल, कोल्हापूर

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, पोस्ट लांब झाली तर सांभाळून घ्या.

गाडी आहे १९९६ ची मर्सिडीज ई २५० डिझेल, डब्ल्यू १२४ (हा कंपनीचा मॉडेल कोड), पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडणी व्हायची त्यातली, पाच गिअरची मॅन्युअल. वडिलांनी २००४ ला सांगलीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. तेव्हा आमच्याकडं ही गाडी म्हणजे एकतर साखर कारखान्याचा चेअरमन नायतर मोठा सर्जन, आणि आमचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळं गल्लीत आठवडाभर चर्चा की ह्यांना लॉटरी लागली का काय. मीटरवर ३ लाख ४० हजार किलोमीटर झालेत, इंजिन अजून एकदाही खोललेलं नाही. बॉडी टणाटण, दार लावलं की अजून तसाच थप् आवाज येतो, सीटच्या स्प्रिंगा तेवढ्या बसल्यात.

विषय असा आहे की गाडी ओढत नाही. अडीच लिटर, पाच सिलिंडर, ओएम ६०५ (हा इंजिनाचा कोड), टर्बो नाही, कागदावर ११३ हॉर्सपॉवर. चौदाशे किलोच्या आसपास गाडी, त्यात चार माणसं, एसी आणि डिकीत आईनं भरलेली पोती, मग खंबाटकी चढताना तिसऱ्यातनं दुसऱ्यात यावं लागतं आणि मागून बोलेरो पिकअप हॉर्न मारते. भाजीची पिकअप ओ, मर्सिडीजला! गेल्या दिवाळीत तर चढावर एसी बंद करायची वेळ आली आणि मेहुणा मागं बसून गालात हसत होता. तिथंच ठरवलं की आता काय ते करायचं.

माझ्या डोक्यात चार पर्याय आहेत. एक म्हणजे ओएम ६०६ टर्बो, तीन लिटर सहा सिलिंडर, १७७ हॉर्सपॉवर आणि ३३० न्यूटन मीटर टॉर्क (ओढायचा जोर), फिनलंडची पोरं ह्याच गाडीत हेच इंजिन टाकून बर्फात जाळ काढतात त्याचे व्हिडिओ बघून बघून झोप उडालीय. मुंबईत एका कटिंगवाल्यानं (जुन्या गाड्या खोलून पार्ट विकणारा) गिअरबॉक्ससकट अडीच लाख सांगितलेत. दुसरा पेट्रोल, मर्सिडीजच्याच ई ३२० चं एम १०४ इंजिन, २२० हॉर्सपॉवर. तिसरा सरळ टोयोटाचं २ जेझेड पेट्रोल इंजिन, एकदम नाद खुळा. चौथा, आहे त्याच इंजिनला बाहेरून टर्बो लावायचा, एक मिस्त्री ऐंशी हजारात करतो म्हणतोय.

बजेट चार लाखाच्या आत. वडिलांची अट एकच, गाडी खोलून दारात सहा महिने उभी राहिली तर तुला आणि गाडीला एकाच टेम्पोतनं भंगारात घालीन. २०२६ ला पासिंग पण आहे. कुणी केलंय का हे? काय करू?

---

कटिंग_चाय, मुंबई

भावा मी केलंय. म्हणजे मी नाही, माझ्या खिशाने केलंय.

माझी ई २२० होती, पेट्रोल, १५० हॉर्सपॉवरवाली. सात वर्षांपूर्वी मला पण तुझ्यासारखाच ताप चढला आणि टोयोटाचंच १ जेझेड इंजिन टाकायला गाडी एका गॅरेजला दिली. नाव सांगत नाही, आता ते बंद झालंय. बोली तीन महिन्यांची, गाडी हातात आली चौदा महिन्यांनी, आणि आली ती पण अर्धीच.

इंजिन बसवणं हा भाग तर पंधरा दिवसांत झाला होता, फोटो पण आले, मी सगळ्या ग्रुपवर टाकले, लोकांनी अभिनंदन केलं. पुढचे तेरा महिने बाकीचं चालू होतं. ऑइल पॅन (इंजिनखालचं तेलाचं भांडं) खालच्या आडव्या क्रॉस मेंबरला घासतो म्हणून पॅन कापून वेल्ड केला, मग वेल्डमधून तेल ठिबकायला लागलं. ह्या गाडीचं स्टिअरिंग बॉक्सवालं आहे, त्याचा आडवा रॉड नेमका इंजिनखालून जातो, तो पॅनला लागायचा, म्हणून इंजिन वर उचललं, मग बॉनेट बसेना. प्रोपेलर शाफ्ट दोन गाड्यांचे जोडून लेथवर एक बनवला तो ऐंशीच्या पुढे असा थरथरायचा की आरशात मागची गाडी दिसायची नाही. आरपीएमचा काटा मेला, एसीचा कॉम्प्रेसर दुसरा त्यामुळे पाइप नवे बनवले, त्यातून गॅस गळायचा. आणि वायरिंग! दोन देशांचं वायरिंग एका वायरमननं जोडलं आणि तो वायरमन मधेच दुबईला गेला. त्याने काय केलंय ते पुढच्या दोघांना शेवटपर्यंत कळलं नाही, दोघंही फक्त कपाळाला हात लावायचे.

चालली तेव्हा भारी चालली, खोटं कशाला बोलू. एक्स्प्रेस वेवर एकदाच पूर्ण पाय दाबला तेव्हा पोटात गोळा आला. पण मागचे ब्रेक, डिफ (मागच्या चाकांना ताकद देणारा गिअर), सस्पेन्शन सगळं १५० हॉर्सपॉवरवालंच होतं, त्यामुळे परत दाबायची हिंमत नाही झाली. साडेआठ लाख गेले आणि गाडी विकली साडेतीनला, त्यात घेणाऱ्याने कागद बघून अजून पन्नास पाडले.

त्यामुळे २ जेझेडचं नाव काढू नकोस. वडिलांचा तो टेम्पो नक्की येईल.

---

नियमावर_बोट, नाशिक

मी जरा नावडतं बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने जे मूळ दिलंय त्यापेक्षा वेगळं काही मालकाने गाडीत करायचं नाही, सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा मान्य किटची वाट वेगळी ठेवलीय. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं, मालकाने असा बदल केला तर एकेका बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रस्त्यात कोण बॉनेट उघडतंय असं सगळे म्हणतात आणि ते बरोबर पण आहे, पण तुझं २०२६ ला पासिंग आहे ना, तिथे इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघतोच.

डिझेलच्या जागी डिझेल, त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलमधलं असेल तर आधी आरटीओत अर्ज देऊन, जुन्या इंजिनाचं काय केलं ते सांगून, नव्याचं बिल जोडून बोलता तरी येतं. पेट्रोल टाकलं की आरसीवरचं इंधन बदललं, क्यूबिक कपॅसिटी बदलली, टोयोटाचं असलं तर कंपनी पण बदलली, सगळंच बदललं. आणि जे काय करशील ते आधी लेखी विचारून कर, इंजिन उतरवल्यावर विचारायला जाऊ नकोस.

अजून एक, कटिंगवाल्याकडून इंजिन घेताना त्या गाडीच्या आरसीची कॉपी आणि इंजिन नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल घे. नंबर घासलेला दिसला तर हात पण लावू नकोस, मग ते अडीच लाखाचं असो का अडीच हजाराचं. आणि इन्शुरन्सला कळव. पॉलिसीवर इंजिन नंबर छापलेला असतो, उद्या काही झालं तर सर्व्हेअर पहिलं तेच बघतो.

---

पंचगंगा_डिझेल

@कटिंग_चाय दादा वाचून घाम फुटला. २ जेझेड कॅन्सल. @नियमावर_बोट धन्यवाद साहेब, बिलाचं विचारलं तर कटिंगवाला म्हणाला "बिल पाहिजे तर रेट वेगळा". तिथंच समजलो.

मग राहिलं ६०६ आणि ऐंशी हजारवाला टर्बो. ह्याच्यावर कोण बोलेल काय?

---

नोझलवाले_काका, चिंचवड

बाळा, मी एकतीस वर्षं डिझेल पंप आणि नोझलचंच (सिलिंडरमध्ये डिझेल फवारते ती) काम करतोय, आता मुलगा बघतो, मी खुर्चीवर बसून चुका काढतो.

आधी एक सांग. गाडी ओढत नाही म्हणतोस, ती पहिल्यापासून ओढत नव्हती का आता ओढेनाशी झाली? कारण ही गाडी नवी होती तेव्हा आमच्याकडे टेस्टला यायची. वेगवान नव्हती, पण खंबाटकीला दुसऱ्या गिअरवर यावं लागतंय आणि एसी बंद करावा लागतोय, इतकी मेलेली तर मुळीच नव्हती. मला वाटतं तुझ्या ११३ घोड्यांतले पंचवीस-तीस वाटेत कुठेतरी चरायला गेलेत. आधी ते गोळा कर.

पहिलं काम, फुकटचं. इंजिन बंद ठेव, कुणालातरी आत बसवून अॅक्सिलरेटर पार तळाला दाबायला सांग आणि तू बॉनेट उघडून पंपावरचा लिव्हर बघ. तो त्याच्या स्टॉपरला टेकला पाहिजे. हाताने आणखी पुढे ढकलून बघ, जर अजून सरकला तर समज की तुझा पाय तळाला गेला तरी पंपाला पूर्ण रेस मिळतच नाहीये. ह्या गाडीत पेडलपासून पंपापर्यंत रॉड आणि प्लास्टिकचे बुश असतात, तीस वर्षांत ते झिजून ढिले होतात, थोडं इथे थोडं तिथे करत शेवटी लिव्हर अर्धाच फिरतो. लोक इंजिन खोलतात ओ ह्याच्यासाठी! एका गृहस्थाचं मी स्वतः बघितलंय, इंजिनाचं अख्खं काम करून झालं आणि दोष निघाला बोटभर बुशमध्ये.

दुसरं डिझेलचा रस्ता. टाकीत आत जाळी आहे, मग पंपाच्या आधी छोटा प्लास्टिकचा फिल्टर, मग मोठा फिल्टर. मोठा सगळे बदलतात, छोट्याचा कुणाला पत्ता नसतो आणि टाकीतली जाळी तर कुणी काढतच नाही. तुझी गाडी कारखान्याच्या पंपावर, गावाकडच्या बॅरलमधलं डिझेल पिऊन मोठी झालेली, त्या जाळीवर काय असेल ते देव जाणे. मग वरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या बघ, चालू इंजिनवर त्यात बुडबुडे पळताना दिसले तर हवा ओढतंय. त्यांच्या टोकाला ओ-रिंग असतात, जुन्या रबराच्या, कडक होऊन गेलेल्या. आता २०२० पासून जे कमी सल्फरचं (१० पीपीएम) डिझेल येतंय त्याच्यावर जुन्या रिंगा अजूनच लवकर दगा देतात असं माझं निरीक्षण आहे. व्हायटॉन रबराच्या टाक, शे-दोनशेचं काम.

तिसरं ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. इनटेकची (हवा आत घेणारी) नळी काढून आत टॉर्च मार. काजळी आणि तेल मिळून काळा लगदा जमतो, हवेचा रस्ता निम्मा झालेला असतो. डिझेलला हवा नाही तर ताकद कुठून येणार, नुसता धूर येणार.

हे सगळं झाल्यावर नोझल काढून प्रेशर बघायचं आणि तेव्हाच नोझलच्या जागेतून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) घ्यायचं. नवीन इंजिनाला २६ ते ३२ बार असतं, आणि पाचांमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक नको. ग्लो प्लग काढून कॉम्प्रेशन बघतो म्हणणाऱ्याला लांब ठेव. ह्या इंजिनात ग्लो प्लग (थंड इंजिन चालू व्हायला आतून गरम करतात ते) हेडमध्ये असे चिकटतात की काढताना तुटतात, आणि तुटला की हजारचं काम पन्नास हजारावर जातं. काढायचाच असेल तर दोन दिवस आधीपासून पेनिट्रेटिंग तेल सोडायचं, इंजिन गरम करायचं, आणि हाताला जड लागलं की थांबायचं. ताकद लावणारा मिस्त्री इथे चालत नाही.

आता त्या ऐंशी हजारवाल्या टर्बोबद्दल. नको. तुझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन २२ ला १ आहे आणि ते बिनटर्बोचं म्हणून बनवलंय. टर्बोवालं ओएम ६०५ कंपनीनेच बनवलं होतं, त्यात पिस्टन, तेलाचं कूलिंग, पंप सगळं त्या उष्णतेचा विचार करून दिलंय. तू बाहेरून हवा कोंबशील, मिस्त्री पंपाचा स्क्रू पिळेल, पहिले दोन महिने गाडी पळेल आणि तू त्याला पेढे देशील. तिसऱ्या महिन्यात मे असेल, घाट असेल, आणि पिस्टनचा वरचा कडा वितळेल. एक्झॉस्टच्या गरमीचा काटा लावल्याशिवाय कुणीही डिझेल वाढवू नये, सातशे डिग्रीच्या पुढे फार वेळ राहिलं की मला गिऱ्हाईक मिळतं.

स्वॅपची, म्हणजे दुसरं इंजिन टाकायची हौस काय नवी नाही. आकुर्डीला बजाज टेम्पो मर्सिडीजच्याच लायसनवर २.४ लिटरचं ओएम ६१६ बनवायची, ट्रॅक्समध्ये यायचं ते. नव्वदच्या दशकात पेट्रोल परवडत नाही म्हणून जुन्या पेट्रोल मर्सिडीजमध्ये, अँबॅसिडरमध्ये लोकांनी धडाधड ट्रॅक्सची इंजिनं टाकली. नात्यातलंच इंजिन, बसायचं पण बऱ्यापैकी. फक्त बाहेरून मर्सिडीज आणि आवाज ट्रॅक्सचा, आमच्या एका गिऱ्हाइकाला तर सासवड रोडला लोक वडाप (प्रवासी नेणारी शेअर जीप) समजून हात करायचे.

---

कटिंग_चाय, मुंबई

काका वडाप 😂😂

तसं बघितलं तर कॉन्टेसाचं काय झालं? हिंदुस्थान मोटर्सने ती व्हॉक्सहॉल व्हिक्टरची एवढी मोठी बॉडी आणली आणि आत टाकलं अँबॅसिडरचं दीड लिटरचं इंजिन, पन्नास हॉर्सपॉवर. मग कंपनीलाच कळलं की हे चालत नाही आणि इसुझूचं १.८ टाकलं, ८८ हॉर्सपॉवर, तेव्हा कुठे ती गाडी झाली. म्हणजे सगळ्यात यशस्वी इंजिन स्वॅप कंपनीनेच केला, आम्ही पोरं उगाच मार खातो.

---

नेकारकाठची_सई, श्टुटगार्ट

उशिरा बघितलं. मी मूळची सातारची, इथे बारा वर्षं झाली, आणि आमच्याकडे १९९४ ची ई ३०० डिझेल स्टेशन वॅगन आहे, त्यात बिनटर्बोचं ओएम ६०६, १३६ हॉर्सपॉवर. म्हणजे तुझ्या इंजिनाची मोठी बहीण, एक सिलिंडर जास्त. खंबाटकी मला पाठ आहे त्यामुळे तुझं दुःख कळलं.

काकांचं सगळं बरोबर आहे, पण हौस पण खरी असते, त्यामुळे ६०६ बद्दल जे इथे लोकांनी केलेलं बघितलंय ते सांगते.

इंजिन १२४ मध्ये बसतं ह्यात शंका नाही, कारण कंपनीनेच बिनटर्बोचं ६०६ ह्याच गाडीत दिलं होतं. पण टर्बोवालं येतं डब्ल्यू २१० म्हणजे १२४ च्या पुढच्या मॉडेलच्या ई ३०० मधून नाहीतर एस ३०० टर्बोडिझेलमधून, त्याचं ऑइल पॅन आणि इंजिन टेकवायचे फाउंडेशनचे ब्रॅकेट तुझ्या गाडीला चालत नाहीत, ते १२४ चेच शोधावे लागतात. इथे ते मिळतात, तुला कोल्हापुरात मिळतील का हा प्रश्न आहे. दुसरं, त्या इंजिनाचा पंप इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा आहे. कंप्युटर, अॅक्सिलरेटरचा सेन्सर, इमोबिलायझर असं सगळं बिऱ्हाड बरोबर येतं. म्हणून फिनलंड-स्वीडनमधली मंडळी तो पंप काढून टाकतात आणि जुन्या ओएम ६०३ चा मेकॅनिकल पंप लावतात, आणि ज्यांना वेडच लागलंय ते त्याचे ६ मिलिमीटरचे एलिमेंट (पंपातले डिझेल ढकलणारे दट्टे) काढून ७.५ चे टाकतात. ऐकायला दीड मिलिमीटर वाटतं पण क्षेत्रफळाने बघितलं तर एका स्ट्रोकला दीडपटीहून जास्त डिझेल. तू बघितलेला जाळ तो, ते १७७ हॉर्सपॉवर नाहीत, बरेच जास्त आहेत. आणि त्या लोकांकडे बाहेर उणे पंधरा डिग्री असतात, तुझ्याकडे मे महिन्यात अधिक बेचाळीस. तेवढाच रेडिएटर, तेवढाच पंखा, जरा विचार कर.

तुझा क्लच १७० च्या आसपास टॉर्कसाठी बनवलाय. ३३० आलं की पहिल्या चढावर घसरणार. मग क्लच, मग गिअरबॉक्स, मग डिफचा रेशो, नाहीतर नवीन इंजिन जुन्या गिअरिंगवर नुसतं ओरडत राहतं. ब्रेकला इथे लोक मर्सिडीजच्याच आर १२९ एसएल स्पोर्ट्स गाडीचे चार पिस्टनचे ब्रेक कॅलिपर पुढे लावतात, पण मग तुझी १५ इंची चाकं जाऊन १६ आली. अडीच लाख हे फक्त दारात इंजिन आणून ठेवायचे पैसे आहेत, कटिंग_चायने सांगितलेले तेरा महिने त्याच्यानंतर सुरू होतात.

कंपनीने स्वतः जेव्हा ह्या गाडीत मोठं इंजिन टाकलं तेव्हा काय झालं बघ. ५०० ई मध्ये पाच लिटरचं व्ही ८, ३२६ हॉर्सपॉवर. पुढचे मडगार्ड रुंद करावे लागले, बॅटरी उचलून डिकीत न्यावी लागली, आणि त्या रुंद गाडीची जोडणी करायचं काम त्झुफेनहाउझेनला पोर्शेकडे गेलं, गाड्या दोन कारखान्यांमध्ये ये-जा करायच्या. माझ्या घरापासून ते ठिकाण सायकलवर जाण्याएवढं आहे. १९९० ते १९९५ मध्ये दहा हजारांच्या वर थोड्याच बनल्या आणि आज त्यांच्या किमती विचारू नये. त्याच्याही आधी एएमजीने ह्याच गाडीत ५.६ लिटरचं व्ही ८ कोंबून हॅमर बनवली होती, १९८६ मध्ये ३६० हॉर्सपॉवर, तेव्हा एएमजी ही अफाल्टरबाखमधली स्वतंत्र छोटी कंपनी होती. हे स्वॅपच आहेत, फक्त करणाऱ्यांनी इंजिनाबरोबर ब्रेक, डिफ, सस्पेन्शन सगळंच बदललं.

एम १०४ पेट्रोलचं विचारलं होतंस. इंजिन गोड आहे, आवाज तर विचारू नकोस. पण १९९२ ते ९५ च्या इंजिन वायरिंगचं इन्सुलेशन कुजून पावडर होतं, हेड गॅस्केटच्या मागच्या कोपऱ्यातून तेल येतं, आणि तुझी डिझेलची गाडी आहे म्हणजे टाकी, फ्युएल पंप, वायरिंग, डॅशबोर्ड सगळं बदलावं लागणार. सोड.

मी तुझ्या जागी असते तर, आणि काकांची सगळी कामं झाल्यावर पण समाधान नसेल तरच, टर्बोवालं ओएम ६०५ शोधलं असतं. सी २५० टर्बोडिझेलमध्ये यायचं, १५० हॉर्सपॉवर, २८० न्यूटन मीटर. पाचच सिलिंडर, तुझ्याएवढीच लांबी, त्यामुळे पुढे रेडिएटरची मारामारी नाही. त्याला जुन्या ओएम ६०२ टर्बोचा मेकॅनिकल पंप लावला की कंप्युटरची कटकट पण जाते. क्लच आणि कूलिंग मात्र तरीही करावंच लागेल. आरसीवर डिझेल ते डिझेल, २४९७ सीसी ते २४९७ सीसी. नियमावर_बोट साहेब जरा कमी रागावतील.

इथे पण काय मोकळं रान नाही हं. इंजिन बदललं की टीयूव्हीचा (इथली गाड्या तपासणारी संस्था) इंजिनिअर ब्रेक, एक्झॉस्ट, आवाज सगळं तपासतो आणि कागदावर चढवतो तेव्हाच गाडी रस्त्यावर. तीस वर्षांच्या पुढच्या गाडीला एच लावलेली ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते, पण बदल त्या काळातला शोभला पाहिजे. आमच्या शेजाऱ्याचं त्यावरून टीयूव्हीवाल्याशी दीड वर्ष चाललंय.

---

नियमावर_बोट, नाशिक

मी रागावत नाही, फक्त कलम सांगतो. सीसी आणि इंधन तेच असलं तरी इंजिन नंबर बदलतोच, अर्ज लागेलच.

---

पंचगंगा_डिझेल

मंडळी, अपडेट. हसू नका.

रविवारी सकाळी मेहुण्यालाच आत बसवला आणि पेडल दाबायला सांगितलं. पंपाचा लिव्हर स्टॉपरपासून चांगला बोटभर लांब! हातानं ढकलला तर खट्कन पुढं गेला. मग एकेक रॉड हलवून बघितला तर दोन बुश नुसते नावाला होते, एकाच्या जागी तर कुणीतरी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, आणि तो पण वाळून कडक झालेला. कुठल्या मिस्त्रीचं काम काय माहीत, डॉक्टरांच्या काळातलं असणार. आणि दुसरं म्हणजे पेडलच्या खाली चटई. वडिलांनी २००४ ला घेतली तेव्हा मूळ कार्पेट खराब व्हायला नको म्हणून त्याच्यावर रबरी मॅट टाकलेली, आणि नंतर मॅट खराब व्हायला नको म्हणून तिच्यावर काथ्याची चटई. एकवीस वर्षं पेडल पूर्ण दाबलंच गेलं नाही, खाली चटई होती!

शिरोलीत एमआयडीसीत आमचा एक टर्नर आहे त्याच्याकडनं दोन बुश पितळेचे करून घेतले, तीनशे रुपये, चहा त्याचाच. लिव्हर आता स्टॉपरला टेकतोय. सोमवारी मुद्दाम आंबा घाटात नेली. दुसरा गिअर फक्त एका वळणाला लागला, बाकी सगळा घाट तिसऱ्यात. जाळ वगैरे काय नाही, पण ही दुसरीच गाडी आहे. वडील शेजारी बसलेले, काय बोलले नाहीत, फक्त घाट संपल्यावर एसी अजून एक पॉइंट वाढवला.

इनटेकमध्ये पण बघितलं काका, खरंच लगदा आहे, चमच्यानं काढावा असा. नळ्यांत बुडबुडे पण आहेत. ते माझ्याच्यानं होणार नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याला यायचंय, गाडी घेऊन आलो तर बघाल का? टाकीतली जाळी, नोझल, सगळं. टर्बोवाल्या ६०५ चं वेड गेलेलं नाही हां, सईताईंनी डोक्यात घातलंय ते. पण आधी तुमचं कॉम्प्रेशनचं बघू, मग ठरवू.

---

कटिंग_चाय, मुंबई

तीनशे रुपये. मी साडेआठ लाख घातले. मला आता कुणीतरी चहा पाजा.

---

नोझलवाले_काका, चिंचवड

ये. मंगळवारी सकाळी ये, मंगळवारी गर्दी कमी असते. टाकी भरून आणू नकोस, जाळी काढायला टाकी रिकामी करावी लागते, पाच-सात लिटर राहील अशा बेताने पोच. नोझल काढायच्या आहेत म्हणजे इंजिन थंड लागेल, रात्री चिंचवडातच मुक्काम कर किंवा गाडी आदल्या संध्याकाळी लावून जा. पितळेच्या बुशला ग्रीस लाव, पितळ सुकं ठेवलं तर रॉड खातं, आणि आठवड्याने परत लिव्हर टेकतोय का बघ.

आणि सायकलच्या ट्यूबचा तो तुकडा फेकला नसशील तर घेऊन ये, मला मुलाला दाखवायचाय.